संकरापासून शुद्ध ओळीपर्यंत: परागकोष संवर्धनाने भाताचे नवे वाण कसे घडवावेत

भाताचा नवा वाण काढायचा तर संकर करणे हा त्यातला सोपा भाग. वेळ जातो तो त्यानंतर. एफ१ म्हणजे पहिल्या पिढीची रोपे एकसारखी दिसतात, एफ२मध्ये गुण विखुरतात, आणि मग एकेक रोप निवडत, त्याचे बी वेगळ्या ओळीत लावत एफ६पर्यंत गेले की कुठे ओळ स्थिर झाली असे म्हणता येते. टिश्यू कल्चरमधली परागकोष संवर्धनाची पद्धत, म्हणजे फुलातल्या परागाच्या पिशव्या प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर वाढवून त्यांतून रोपे घेणे, हा मधला प्रवास एकाच टप्प्यात उरकते.

त्यामागचे तत्त्व असे. भाताच्या प्रत्येक पेशीत २४ गुणसूत्रे असतात, म्हणजे १२ जोड्या. कोवळ्या परागकणात मात्र प्रत्येक जोडीतले एकच, अशी १२च असतात. त्या कोवळ्या कणाला परागाच्या वाटेवरून वळवून रोप व्हायला लावले तर १२ गुणसूत्रांचे एकगुणित रोप मिळते. त्याच गुणसूत्रांची नक्कल होऊन ती २४ झाली की जोडीतली दोन्ही गुणसूत्रे तंतोतंत सारखी. अशा रोपाला दुहेरी एकगुणित म्हणतात आणि ते पहिल्या दिवसापासून शुद्ध असते. पुढे फुटायला त्यात काही शिल्लकच राहत नाही.

याची सुरुवात भारतात झाली. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोषातून एकगुणित भ्रूण वाढवले. चार वर्षांनी, १९६८मध्ये, जपानच्या नीझेकी आणि ओओनो यांनी तेच भातात करून दाखवले. त्यानंतर चीनने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली. ‘झोंगहुआ ११’ हा तिथला गाजलेला वाण परागकोषातूनच आला. आपल्याकडे कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘सत्यकृष्णा’ आणि ‘फाल्गुनी’ हे वाण याच वाटेने दिले. आपल्या या लेखाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण मात्र फिलिपिन्समधले आहे: आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत खारे पाणी सोसणाऱ्या दोन ओळींच्या संकरातून परागकोष संवर्धनाने निघालेली ओळ १९९५ साली तिथे ‘पीएसबी आरसी ५०’ ऊर्फ ‘बिकोल’ या नावाने लागवडीसाठी प्रसारित झाली.

लेखात उदाहरण म्हणून खार जमिनीसाठीचा वाण घेतला आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांलगत आणि गोव्याच्या खाजणांत (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांत) हा प्रश्न आजचा आहे. तिथे गोव्याच्या कोरगुटसारखे जुने वाण खाऱ्या पाण्यात तग धरतात, पण उंच वाढतात, लोळतात आणि उत्पन्न बेताचेच देतात. त्यांची सोशिकता आणि एखाद्या ठेंगण्या, भरघोस वाणाचे उत्पन्न एका रोपात आणायचे, हे आपले काम.

ही पद्धत कधी वापरावी, कधी नाही

पदव्युत्तरचे विद्यार्थी बऱ्याचदा उलट्या बाजूने येतात: प्रयोगशाळा आहे, मग कल्चर करू, आणि मग त्याला शोभेलसा उद्देश शोधू. तसे करू नये. प्रयोगशाळा वाण सुधारत नाही, ती फक्त आधीच केलेल्या संकरातले गुण लवकर स्थिर करते. पालक चुकीचे निवडले तर चुकीच्या शुद्ध ओळी झटपट मिळतील, एवढाच फरक.

तुम्हाला एखादाच ठाऊक जनुक चांगल्या वाणात आणायचा असेल, उदाहरणार्थ पोक्कळी या केरळच्या भातातून आलेला पहिल्या गुणसूत्रावरचा, मीठ सोसायला मदत करणारा ‘साल्टोल’ भाग, तर परागकोषांच्या भानगडीत पडू नका. रेणवीय चिन्हकांच्या (डीएनएवरच्या ओळखखुणांच्या) मदतीने पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी संकर करत जाणे स्वस्त आणि खात्रीचे. परागकोष संवर्धन कामाला येते ते अनेक जनुकांवर चालणारे गुण एकत्र आणताना: मिठाची सोशिकता, उंची, दाण्याचा आकार, पक्वतेचा काळ, उत्पन्न.

इथे थोडे गणित करा. दोन पालकांमधले ५ वेगवेगळे जनुक तुम्हाला हव्या त्या रूपात, शुद्ध स्थितीत, एका रोपात हवे आहेत असे धरू. एफ२मध्ये असे रोप सरासरी १०२४ रोपांत १ मिळते. दुहेरी एकगुणितांत ते ३२ रोपांत १. किमान एक तरी मिळेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर एफ२ची सुमारे ३०७० रोपे तपासावी लागतील, आणि दुहेरी एकगुणित ९५ पुरतील. ही पद्धत वापरण्याचे पहिले कारण हेच, वेळ त्यानंतर येतो.

वेळेबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर जिथे खरीप आणि उन्हाळी अशी वर्षात दोन भातपिके घेता येतात, तिथे वाचणारा काळ वाटतो तेवढा मोठा नसतो. पण खार जमिनीत भात घेता येतो तो खरिपातच. म्हणजे पिढ्यांची निवड त्या जमिनीतच करायची तर वर्षाला एकच पिढी पुढे सरकते. शुद्ध ओळी आधी हातात असतील तर त्याच ओळीचे बी एकाच खरिपात तीन ठिकाणी लावून पाहता येते.

उलटा हिशेब

प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधी शेवटापासून मागे मोजत या. भाताच्या दोन मुख्य गटांपैकी जपोनिका परागकोषांना चटकन प्रतिसाद देतो. आपला कोकणातला, विदर्भातला, गोव्यातला बहुतेक भात इंडिका गटातला, आणि इंडिका हट्टी. त्याच्यासाठी आशावादी आकडे धरले तरी हिशेब असा होतो:

समजा, १०० दुहेरी एकगुणित हवेत. हिरव्या रोपांपैकी साधारण निम्मी आपोआप दुहेरी होतात, म्हणून २०० हिरवी रोपे लागतील. कॅलसच्या, म्हणजे परागकोषातून येणाऱ्या पेशींच्या आकारहीन गोळ्यांच्या, १० टक्के गोळ्यांतून हिरवे रोप मिळाले तर २,००० कॅलस हवेत. १०० परागकोषांमागे २ कॅलस आले तर परागकोष हवेत १,००,०००. भाताच्या एका फुलात ६ परागकोष असतात, म्हणजे सुमारे १६,७०० फुले. एका लोंबीवरची १०० फुले नेमक्या अवस्थेत मिळाली तर १६७ लोंब्या. बुरशीने वाया जाणारे धरून २०० म्हणा.

हा आकडा पाहून छाती दडपली तर उत्तम, कारण कोरा कागद असतानाच ती दडपलेली बरी. तुमच्या संकराचा प्रतिसाद १ टक्क्याच्याही खाली असू शकतो. त्यामुळे आधी प्रत्येक पालकाचे आणि एफ१चे चारपाचशे परागकोष लावून चाचणी घ्या. प्रतिसाद देण्याची क्षमता आनुवंशिक असते. सोशिक वाण हट्टी असेल तर दुसरा पालक प्रतिसाद देणारा निवडा. हा एक निर्णय पुढच्या सगळ्या माध्यमांच्या खटपटीपेक्षा मोठा आहे.

संकर आणि एफ१ची रोपे

संकर नेहमीच्याच पद्धतीने. मादी पालकाची लोंबी निसवत असताना, दुपार कलल्यावर, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या फुलांची टोके कात्रीने कापून आतले सहाही परागकोष काढायचे, पिशवी चढवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास नर पालकाची उमललेली लोंबी त्यावर झटकायची. एफ१चे प्रत्येक रोप खरे संकरित आहे ना हे एसएसआर या प्रकारच्या डीएनए चिन्हकांनी तपासा. स्वपरागणाचे रोप चुकून मिसळले आणि त्याच्यावर महिनाभर कल्चर केले की तो महिना गेला, आणि हे कळते फार उशिरा.

एफ१ शक्यतो उन्हाळी हंगामात, डिसेंबरात पेरून, शेतात वाढवा. कुंडीतल्या आणि सावलीतल्या रोपांपेक्षा शेतातल्या, भरपूर उन्हातल्या रोपांचे परागकोष चांगला प्रतिसाद देतात. खरिपातले ढगाळ दिवस या कामाला बाधक. सगळी रोपे एकदम पोटरीत आली (म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात बंद असण्याच्या अवस्थेत) तर हात पुरणार नाहीत, म्हणून दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा पेरा. पोटरीच्या आधीच्या पंधरवड्यात कीटकनाशक आणि बुरशीनाशकाची फवारणी टाळा. लोंब्या मुख्य खोडाच्या आणि पहिल्या फुटव्यांच्याच घ्या.

नेमकी पोटरी ओळखणे

सगळ्या कामातला कळीचा टप्पा हा, आणि याच टप्प्यावर घाई होते. परागकणाची एककेंद्रकी अवस्था, तीही मधली ते शेवटची, हवी. त्याच्या आधी कण कोवळा असतो, नंतर त्यात पिठूळ साठा भरू लागतो आणि तो पराग होण्याच्या वाटेवर इतका पुढे गेलेला असतो की वळत नाही.

शेतात ओळखण्याची खूण म्हणजे ध्वजपानाचा (सर्वांत वरच्या पानाचा) सांधा आणि त्याखालच्या पानाचा सांधा यांतले अंतर. बहुतेक वाणांत ते ५ ते १० सेंटीमीटर असताना लोंबी योग्य अवस्थेत असते. पण हे अंतर वाणागणिक बदलते, त्यामुळे ते पुस्तकातून घेऊ नका. प्रत्येक संकरासाठी वेगवेगळ्या अंतराच्या पोटऱ्या कापा, मधल्या फुलातला एक परागकोष काचपट्टीवर ॲसिटोकारमाइनच्या थेंबात चिरडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. केंद्रक कडेला सरकलेले, मध्ये मोठी पोकळी, आणि एकच केंद्रक: ही तुमची अवस्था. एकदा तक्ता तयार झाला की शेतात फूटपट्टी पुरते.

दुसरी खूण फुलाचीच. फूल उजेडासमोर धरले की तुसाच्या आतून परागकोष दिसतात. त्यांची टोके फुलाच्या उंचीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत आली असतील आणि रंग फिकट पिवळसर हिरवा असेल तर घ्या. पिवळे धमक झाले असतील तर उशीर झाला. एकाच लोंबीत वरची फुले पुढे आणि खालची मागे असतात, म्हणून सर्वच वापरण्याचा मोह टाळा.

पोटऱ्या सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी कापा. पाने काढून टाका, आवरण ७० टक्के अल्कोहोलने पुसा, ओल्या कापडात आणि मग ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि ८ ते १० अंश सेल्सियसला ७ ते १० दिवस ठेवा. ही थंडी परागकणाला नेहमीचा मार्ग सोडायला भाग पाडते. घरगुती फ्रीजचा मधला कप्पा साधारण ४ अंशांवर असतो आणि तो इंडिकाला कडक पडतो, म्हणून आत तापमापी ठेवून बटण फिरवा. गुंडाळीवर संकराचा क्रमांक आणि तारीख पेन्सिलीने लिहा. अल्कोहोलने पेनाची शाई पुसली जाते आणि मग कोणती लोंबी कोणत्या संकराची, हे कुणालाच सांगता येत नाही.

माध्यम

चीनमध्ये १९७५ साली प्रसिद्ध झालेले एन६ हे माध्यम भाताच्या परागकोषांसाठीच बनवले गेले आणि आजही सुरुवात त्याच्यापासूनच करावी. त्यात अमोनियमचे प्रमाण एमएस या टिश्यू कल्चरच्या नेहमीच्या माध्यमापेक्षा कमी आहे, आणि परागकोषांना ते मानवते. एका लिटरसाठी मुख्य क्षार असे:

- पोटॅशियम नायट्रेट २८३० मिलिग्रॅम
- अमोनियम सल्फेट ४६३ मिलिग्रॅम
- पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४०० मिलिग्रॅम
- मॅग्नेशियम सल्फेट, सात पाण्याचे रेणू असलेले, १८५ मिलिग्रॅम
- कॅल्शियम क्लोराइड, दोन पाण्याचे रेणू असलेले, १६६ मिलिग्रॅम

सूक्ष्म द्रव्ये, लोह आणि जीवनसत्त्वे यांची द्रावणे वेगळी करून ठेवा. कॅल्शियमचे द्रावण सल्फेट-फॉस्फेटच्या तीव्र द्रावणात कधीही मिसळू नका, ताबडतोब पांढरा साका बसतो. लोह-ईडीटीए गडद बाटलीत, फ्रीजमध्ये.

कॅलस येण्यासाठी वाढनियामके: २,४-डी २ मिलिग्रॅम आणि कायनेटिन ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर इथून सुरुवात करा. इंडिकासाठी यात एनएए १ ते २ मिलिग्रॅम मिसळून पाहा. २,४-डी थेट पाण्यात विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवावे लागते. साखरेऐवजी माल्टोज घ्या, लिटरला ४० ते ५० ग्रॅम. माल्टोज महाग पडते हे खरे, पण इंडिकामध्ये फरक इतका स्पष्ट असतो की त्या पैशांवर घासाघीस करू नये. अगार ८ ग्रॅम, पीएच ५.८. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटे.

माध्यम ओतून झाल्यावर तीन-चार दिवस नुसतेच ठेवा. जे बुरसटायचे ते तेवढ्यात बुरसटते आणि परागकोष वाचतात.

परागकोष लावणे

थंडीतून काढलेल्या लोंबीतली योग्य फुले वेगळी करून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटे ठेवा आणि निर्जंतुक पाण्याने तीन-चार वेळा धुवा. अनेक प्रयोगशाळांत अजून ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते प्रभावी आहे, पण पाऱ्याचे पाणी मोरीत सोडता येत नाही, ते वेगळे साठवून विल्हेवाटीला द्यावे लागते. पोटरी बंद असेल तर आतली लोंबी मुळातच बरीच स्वच्छ असते, त्यामुळे हायपोक्लोराइट सहसा पुरते.

लॅमिनारमध्ये (गाळलेल्या, निर्जंतुक हवेच्या कपाटापुढे) बसल्यावर फुलाच्या बुडाजवळ, परागकोषांच्या खाली, कात्रीने कापा. मग वरचे टोक चिमट्याने धरून डिशच्या कडेवर हलकेच आपटा. परागकोष सुटून माध्यमावर पडतात. चिमट्याने एकेक काढू नका. एक तर वेळ जातो, आणि दुसरे, परागकोषाची भिंत जखमी झाली की त्या भिंतीच्या पेशींतूनच कॅलस येतो. तो कॅलस एफ१चाच, २४ गुणसूत्रांचा आणि अशुद्ध. आपल्याला नको तो. एका डिशमध्ये ५० ते ६० परागकोष पुरेत. डिश पॅराफिल्मने बंद करून २५ अंशांवर पूर्ण अंधारात ठेवा.

पुढे काही आठवडे काहीही घडत नाही. परागकोष तपकिरी होतात, सुकल्यासारखे दिसतात. नवखी मुले इथे डिश फेकून देतात. फेकू नका. चौथ्या आठवड्यापासून त्या तपकिरी भिंती फोडून फिकट पिवळे गोळे बाहेर येऊ लागतात, आणि आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत येत राहतात. दर आठवड्याला पाहा, बुरशी आलेली डिश ताबडतोब काढा, आणि कॅलस १ ते २ मिलिमीटरचा झाला की पुढच्या माध्यमावर हलवा. अंधारात जुना होत गेलेला कॅलस हिरवी रोपे देत नाही.

रोपे आणणे: हिरवी किती, पांढरी किती

पुनर्जननासाठी एमएस माध्यम, साखर ३० ग्रॅम, बीएपी किंवा कायनेटिन २ मिलिग्रॅम आणि एनएए ०.५ ते १ मिलिग्रॅम. अगार थोडे जास्त घालून माध्यम घट्ट ठेवा. हलवण्याआधी कॅलस निर्जंतुक कोरड्या गाळणी कागदावर बंद डिशमध्ये एक दिवस ठेवला तर तो थोडा सुकतो आणि इंडिकात रोपे येण्याचे प्रमाण वाढते. हा बिनखर्चाचा उपाय आहे, तो आधी करून पाहा आणि मगच महागड्या वाढनियामकांच्या मागे लागा. दिवसाला १६ तास उजेड, २५ अंश. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके, मग कोंब.

आणि मग दिसतील पांढरी रोपे. जोमदार, सुबक, मुळांसकट, पण हरितद्रव्याविना. परागकोषातून येणाऱ्या तृणधान्यांचे हे जुने दुखणे आहे. कोवळ्या परागकणातल्या हरितलवकांच्या जनुकसाठ्यात मोठ्या तुटी होतात आणि त्या परत भरून येत नाहीत. पांढऱ्या रोपांवर उपाय नाही, ती टाका. मात्र त्यांची नोंद ठेवा, कारण पांढऱ्यांचे प्रमाण एकदम वाढले तर ते सहसा उशिरा हलवलेल्या कॅलसचे लक्षण असते, किंवा पोटरीची अवस्था पुढे गेल्याचे.

एका कॅलसमधून पाच कोंब आले तर त्या पाच नव्या ओळी नव्हेत. बहुधा ते एकाच परागकणाचे पाच भाऊ आहेत. क्रमांक देताना संकर, परागकोषाची डिश, कॅलस आणि कोंब अशी चार पदरी पाटी लावा आणि निवडीच्या वेळी एका कॅलसला एकच ओळ धरा. असे न केल्यास तुमच्या १०० ओळींत प्रत्यक्षात ४०च असतील आणि वर केलेले गणित कोलमडेल.

मुळे फुटायला निम्म्या तीव्रतेचे एमएस माध्यम, वाढनियामकाशिवाय किंवा किंचित एनएए घालून.

कणखर करणे

ही गोष्ट भातात सोपी आहे. रोपांच्या मुळांचे अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवा, नाहीतर त्याच्यावर बुरशी धरते. आठवडाभर रोपे पोषक द्रावणात, वर पारदर्शक पिशवी झाकून ठेवा आणि पिशवीला रोज थोडी भोके वाढवत जा. मग चिखल केलेल्या कुंडीत लावा. मार्चमध्ये लावलेल्या परागकोषांची रोपे जुलै-ऑगस्टमध्ये कुंडीत येतात, म्हणजे दमट हवा आयतीच मिळते.

शुद्ध कोण, एकगुणित कोण, घुसखोर कोण

कुंडीत तीन प्रकारची रोपे असतील. एकगुणित रोपे बुटकी, अरुंद पानांची, बारीक फुलांची. लोंबी येते पण दाणा एकही भरत नाही. दुहेरी एकगुणित रोपे नेहमीसारखी, दाणे भरणारी. आणि भिंतीतून आलेली एफ१ची रोपे, हीसुद्धा नेहमीसारखी दिसणारी. पहिली डोळ्यांनी ओळखता येतात, दुसरी आणि तिसरी मात्र एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत.

एकगुणित रोपाचे बुंधे वाचवता येतात. फुटवे वेगळे करून, मुळे आणि पाने छाटून, ०.१ टक्के कोल्चिसिन (गुणसूत्रे दुप्पट करणारे रसायन) आणि २ टक्के डीएमएसओ या द्रावकाच्या द्रावणात पाच-सहा तास बुडवा, रात्रभर वाहत्या पाण्याखाली धुवा आणि पुन्हा लावा. काही फुटव्यांवर दाणे भरलेल्या लोंब्या येतील. कोल्चिसिन विषारी आहे, त्वचेतून शरीरात जाते आणि डीएमएसओ त्याला आत न्यायला मदतच करते. हातमोजे, चष्मा आणि बंद कपाट याशिवाय त्याला हात लावू नका. हिरवी रोपे पुरेशी मिळाली असतील तर हा खटाटोप सोडून द्यावा, असे माझे मत.

घुसखोर शोधायला चिन्हके हवीत. दोन पालकांत फरक दाखवणारे दहा-बारा एसएसआर चिन्हक निवडा आणि प्रत्येक रोपाचा डीएनए तपासा. खऱ्या दुहेरी एकगुणितात प्रत्येक चिन्हकाला एकाच पालकाची पट्टी दिसते. अनेक ठिकाणी दोन्ही पट्ट्या दिसल्या तर ते रोप एफ१चे, काढून टाका. याच वेळी साल्टोलजवळचे चिन्हकही चालवून घ्या, वेगळा खर्च येत नाही.

शुद्ध ठरलेल्या प्रत्येक रोपाच्या लोंब्यांना पिशव्या बांधा आणि बी वेगवेगळे काढा.

आता शेत

कुंडीतल्या रोपाकडे पाहून निवड करू नका. प्रयोगशाळेतून आलेल्या पहिल्या पिढीवर माध्यमाचा परिणाम असतो: उंची कमी, फुटवे जास्त. बियाण्यापासून उगवलेल्या पुढच्या पिढीत तो निघून जातो. डिसेंबरात हाती आलेले मूठभर बी उन्हाळीत एकेका ओळीत लावून वाढवा. प्रत्येक ओळ आतून एकसारखी दिसली पाहिजे. एखाद्या ओळीत उंच-बुटके दिसले तर ते मिसळलेले बी, परपराग किंवा कॅलसमध्ये झालेला बदल असू शकतो. ओळी पुरेशा असतील तर तिच्यावर वेळ घालवू नका.

रोपावस्थेतली खार-चाचणी घरातच होते. थर्मोकोलच्या तुकड्यांना भोके पाडून खाली नायलॉनची जाळी, त्यावर मोड आलेले बी, आणि खाली योशिदा पोषक द्रावण. रोपे दोन आठवड्यांची झाली की मीठ घालून विद्युतवाहकता (खारेपणाचे माप) आधी ६ आणि तीन दिवसांनी १२ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत न्या. पीएच रोज ५.० वर आणा. सोबत सोशिक म्हणून पोक्कळी किंवा एफएल४७८ आणि नाजूक म्हणून आयआर२९ हवेच. आयआर२९ जवळपास मेले की १ ते ९ या प्रमाणित गुणपद्धतीने प्रत्येक ओळीला गुण द्या. १ म्हणजे उत्तम, ९ म्हणजे मेलेले.

पण या चाचणीवर भाळू नका. रोपावस्थेतली सोशिकता आणि निसवण्याच्या वेळची सोशिकता यांच्यामागे बऱ्याच अंशी वेगळे जनुक आहेत. कोकणातल्या खार जमिनीत जूनच्या सुरुवातीला मीठ वर असते, जुलै-ऑगस्टचा पाऊस ते धुऊन नेतो आणि सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की ते पुन्हा वर चढते, नेमके लोंबी भरण्याच्या वेळी. रोपे हिरवीगार, गुण १, आणि लोंब्या पोचट, असे सर्रास घडते. म्हणून चांगल्या ठरलेल्या ओळी प्रत्यक्ष खार जमिनीत लावा आणि लावणी, निसवणे व दाणे भरणे या तिन्ही वेळी मातीची विद्युतवाहकता मोजून लिहून ठेवा. ते आकडे नसतील तर ओळ सोशिक होती की त्या वर्षी पाऊस लांबला, हे सांगता येणार नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल मालिकेतले वाण आणि गोव्यात कोरगुट तुलनेसाठी शेजारी हवेत.

पहिल्या वर्षी बी कमी आणि ओळी जास्त, त्यामुळे प्रत्येक ओळ एकदाच आणि तुलनेचे वाण प्रत्येक पट्ट्यात पुन्हा पुन्हा, अशी मांडणी करा. दुसऱ्या वर्षी निवडक पंधरा-वीस ओळी तीन आवृत्त्यांत. उत्पन्नाबरोबर तांदूळ भरडून पाहा, तुकडा किती पडतो ते पाहा, आणि शिजवून खाऊ घाला. सिंधुदुर्ग-गोव्यात तो उकडा करून कसा लागतो हा प्रश्न शेतकरी पहिल्यांदा विचारेल, विद्युतवाहकता नव्हे. त्यानंतर चांगल्या ओळी हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेमार्फत चालणाऱ्या अखिल भारतीय समन्वित चाचण्यांत जातात.

टिश्यू कल्चरच्या बाकीच्या दोन वाटा, थोडक्यात

तुसाविना बियाण्यापासून २,४-डीच्या माध्यमावर कॅलस वाढवून, त्यात मीठ घालून, टिकलेल्या गोळ्यांतून रोपे घेणे ही पद्धत ऐकायला फार आकर्षक आहे. कॅलसमधून येणाऱ्या या बदलांना लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१मध्ये ‘सोमाक्लोनल’ नाव दिले. तिच्यातून कधीकधी उपयोगी बदल मिळतो. पण पेशीने मीठ सोसणे आणि उभ्या रोपाने मीठ सोसणे यांत मुळे, पाने, बाष्पीभवन सगळे आडवे येते, आणि मिळालेला बदल पुढच्या पिढीत टिकेलच असे नाही. स्वस्त आहे म्हणून करून पाहा, त्यावर प्रकल्प उभा करू नका.

दूरच्या प्रजातींशी संकर करताना भ्रूण दाण्यातच मरतो. परागणानंतर साधारण १० ते १४ दिवसांनी तो काढून माध्यमावर वाढवावा लागतो. आशियाई आणि आफ्रिकी भाताच्या संकरातून पश्चिम आफ्रिकेत ‘नेरिका’ वाण घडले तेव्हा भ्रूण वाचवणे आणि परागकोष संवर्धन दोन्ही वापरले गेले, आणि त्या कामासाठी मॉन्टी जोन्स यांना २००४ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

कागदपत्रे आणि बियाणे

परागकोष संवर्धनाने निघालेला वाण जनुकीय परिवर्तित नव्हे; त्यात बाहेरचा जनुक घातलेला नसतो. हे गावातल्या बैठकीत आधीच सांगा, नाहीतर प्रयोगशाळेतले भात या शब्दांनीच बोलणे बिनसते. खाजणातल्या शेतकऱ्याकडून जुन्या वाणाचे बी घेतले असेल तर गाव, शेतकरी आणि त्याची संमती यांची लेखी नोंद त्याच दिवशी करा. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदणी करताना पालकांचे मूळ सांगावे लागते आणि पारंपरिक वाण वापरल्यास लाभातल्या वाट्याचा हक्क निर्माण होऊ शकतो.

शुद्ध ओळ कायम शुद्धच राहील, असे मात्र धरून चालू नका. खळ्यावर, गोणीत, आदल्या वर्षी शेतात सांडलेल्या दाण्यांतून मिसळ होतेच. प्रत्येक हंगामात लोंबीनिहाय ओळी लावून वेगळी दिसणारी रोपे निसवण्याआधी उपटा, आणि मूळ बियाण्याची एक सीलबंद थैली थंड, कोरड्या जागी, क्रमांकासह बाजूला ठेवून द्या.